प्रत्येक सांधेदुखी म्हणजे वात नव्हे : प्रकार, उपचार आणि खर्च



मंडळाचा कोणताही कार्यक्रम असो, हल्ली खुर्च्या आधी भरतात आणि सतरंजी मोकळी राहते. पारायणाला बसणारेही स्टूल मागतात. हळदीकुंकवाला आलेल्या काकी-मामी उठताना भिंतीचा आधार शोधतात. कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते, "वात आहे." पुढचा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वात आहे म्हटले की एकाने कुठल्या तरी गावाची पुडी सांगायची, दुसऱ्याने तेल सांगायचे आणि तिसऱ्याने आपल्या मेहुण्याने गुडघ्याच्या वाट्या कुठे बदलल्या ते सांगायचे.

आम्ही डॉक्टर नाही. आमची नोकरी बँकेत गेली. पण कर्जाचा अर्ज टेबलावर आला की शेतीचे, घराचे की धंद्याचे हे आधी पाहायचे आणि मगच पुढचा कागद उलटायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. सांधेदुखीच्या बाबतीत नेमका हाच पहिला प्रश्न आपल्याकडे राहून जातो. वात या एका शब्दाखाली निदान तीन-चार वेगवेगळे आजार दडलेले आहेत. त्यातल्या एकाला घाई लागत नाही, दुसऱ्यात काही महिन्यांचा उशीरही हाताची बोटे वाकडी करून जातो. म्हणून हा लेख.

जुन्या वैद्यांनी ही सरमिसळ केलेली नव्हती, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. आयुर्वेदात संधिगत वात, आमवात आणि वातरक्त अशी तीन निरनिराळी नावे आहेत. माधवकरांच्या माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि चरकसंहितेत वातरक्ताचे. ढोबळमानाने आजचे वैद्य संधिगत वाताला सांध्याची झीज, आमवाताला सांध्याची दाहक सूज आणि वातरक्ताला युरिक ॲसिडचा आजार म्हणजे गाऊट समजतात. तिन्हींना मिळून "वात" म्हणायची पद्धत आपण बोलता बोलता पाडली. हल्ली अनेक जण तिन्हींना "संधिवात"ही म्हणतात. या लेखात आम्ही "झीज" आणि "आमवात" हे दोन शब्द वेगळे ठेवणार आहोत.

भिगवणचा अभ्यास

आपल्या खेड्यापाड्यांत हे आजार किती आहेत याचा नीट शोध महाराष्ट्रातच घेतला गेला. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या पाण्याकाठी भिगवण हे गाव आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये तेथे घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक देशांत अशा पाहण्या झाल्या, त्यांतली ही एक. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले गेले. शंभरांतील सुमारे १८ जणांनी सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे सांगितले. तपासणीअंती झीज शंभरांत सुमारे ६ जणांना निघाली आणि आमवात दोनशेत एखाद्याला.

हे आकडे आपल्या गावांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण प्रमाण लक्षात घ्यावे. दुखते म्हणणाऱ्या पुष्कळांना यातला कोणताच मोठा आजार नसतो. स्नायू आखडलेले असतात, कंबर धरलेली असते, अंगमेहनत झालेली असते. उरलेल्यांत झीज जास्त. आमवात थोड्यांना, पण दोनशेत एक म्हटले तरी दहा हजार प्रौढांच्या गावात पन्नास माणसे झाली. त्यांतल्या किती जणांना आपल्या आजाराचे नाव ठाऊक असेल?

झीज म्हणजे काय

गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. ती कूर्चा वयाबरोबर, वजनामुळे, जुन्या मारामुळे पातळ होते, खडबडीत होते. हाडाच्या कडांना काटे फुटतात, आजूबाजूचे स्नायू वापर कमी झाल्याने आणखी दुबळे होतात. "वंगण संपले" असे आपण म्हणतो ते समजायला सोपे आहे, पण त्यातून बाहेरून वंगण भरले की काम झाले असा समज होतो, आणि तो महागात पडतो.

आपल्या निपाणी भागाला याचे एक खास कारण आहे. तंबाखूच्या रानात वाकून आणि उकिडवे बसून केलेली कामे, उसाची तोडणी, आणि घराघरांत मांडीवर सूप घेऊन टेंभुर्णीच्या पानांच्या बिड्या वळत घातलेले दिवस. वर्षानुवर्षे उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळते, हे जगभर दिसून आलेले आहे. आपल्या आयाबायांचे गुडघे पन्नाशीत कुरकुर करू लागले तर त्यात नशिबाचा नव्हे, कामाचा वाटा आहे.

झिजेची ओळख अशी : चालताना, जिना उतरताना, खाली बसून उठताना दुखते, विसावा घेतला की कमी होते. सकाळी सांधा धरतो, पण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. हाताला झीज असेल तर बोटांच्या टोकाकडच्या पेरांवर कठीण गाठी येतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. फिल्ममध्ये गुडघा फार वाईट दिसणारा माणूस शेतातून चालून येतो आणि किरकोळ झीज असलेल्याला पायरी चढवत नाही. म्हणून केवळ फिल्म पाहून "चौथी स्टेज आहे, लगेच बदलून घ्या" असे कोणी म्हणाले तर थोडे थांबावे.

उपचारांत पहिला क्रमांक व्यायामाचा लागतो. हे ऐकून लोक नाराज होतात. डॉक्टरांकडून औषध हवे असते आणि ते टॉवेलची गुंडाळी दाखवतात. पण मांडीच्या पुढचा स्नायू हाच गुडघ्याचा खरा आधार आहे. पाठीवर झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघा खाली दाबावा, पाच ते दहा सेकंद धरावा, सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीन वेळा. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करून तेवढाच वेळ धरणे हा दुसरा. एखाद्या आठवड्यात फरक दिसत नाही, दोन-तीन महिने लागतात. आवर्ती ठेव समजा. एकदा फिजिओथेरपिस्टकडे जाऊन पद्धत नीट शिकून घ्यावी, मग घरी फुकट करता येतो. सपाट रस्त्यावर चालणे चांगले. "चालल्याने गुडघा आणखी झिजतो" म्हणून खुर्चीला खिळणे सर्वांत वाईट.

दुसरा क्रमांक वजनाचा. गुडघ्याची झीज असलेल्या वजनदार व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की अंगाचे एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. दिवसाची दोन हजार पावले धरली तरी एका किलोचा हिशेब कुठे जातो ते ज्याने त्याने मांडून पाहावे.

मग घरातले छोटे बदल. भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवणे, देवपूजेला पाट सोडून स्टूल घेणे, आणि काठी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. आपल्याकडे दहांतील आठ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरलेले दिसतात. काठीची लाज वाटते ही अडचण खरी आहे. आमच्या मते पडून खुब्याचे हाड मोडण्यापेक्षा काठी दिसलेली बरी.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी दुखणे थांबते, झीज थांबत नाही. थोडे दिवस डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेणे वेगळे आणि मेडिकलमधून पट्टी आणून महिनोन्महिने खाणे वेगळे. जठरात रक्तस्राव, रक्तदाब वाढणे, मूत्रपिंड निकामी होणे हे त्याचे परिणाम आहेत, आणि साठीनंतर मधुमेह व रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांना हा धोका दुप्पट सावधगिरीने घ्यायला हवा. आपल्या लहानपणी माळावर मेलेल्या जनावराभोवती गिधाडे जमत, ती आता दिसत नाहीत. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकमुळेच, ते मांस खाऊन, गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले असे संशोधनात निघाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, पण औषध तेच आहे. गुडघ्यावर चोळायचे वेदनाशामक जेल त्यामानाने सुरक्षित.

गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास काही आठवडे आराम मिळतो. वारंवार घेऊ नये. "वंगणाचे" म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडचे इंजेक्शन आणि स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीचे इंजेक्शन यांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, किंमत मात्र हजारांत आहे. दुर्बिणीने गुडघा धुऊन घेण्याची पद्धत एके काळी फार होती. २००२ मध्ये अमेरिकेत १८० रुग्णांवर तिचा कस लावला गेला. काहींचा गुडघा खरोखर धुतला, काहींच्या त्वचेला नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे दुखणे सारखेच! नुसत्या झिजेसाठी कोणी हे सुचवले तर दुसरा सल्ला अवश्य घ्यावा.

आयुर्वेदाचे काय, असे सभासद विचारतात. डॉ. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल, सुंठ, आवळा, शल्लकी यांच्या औषधांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्याशी ४४० रुग्णांवर तुलना केली. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुडघ्याच्या झिजेत आराम साधारण सारखाच मिळाला. मात्र काही जणांच्या रक्तात यकृताचा एक घटक वाढलेला आढळला. तेव्हा पदवीधर वैद्यांकडून, नाव लिहिलेले औषध, आणि अधूनमधून रक्त तपासून, एवढे पथ्य पाळून घ्यायला आमचा विरोध नाही. कागदाच्या पुडीतली, नाव नसलेली भुकटी ही गोष्ट निराळी. तिच्याकडे पुढे येतोच.

आमवात : येथे घाई हवी

आमवाताला डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. येथे कूर्चा आपोआप झिजत नाही; शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते आणि सुजलेले अस्तर हाड पोखरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट जास्त. म्हातारपणाची वाट न पाहता तो तिशी-चाळिशीतच, कधी त्याच्याही आधी, सुरू होऊ शकतो. म्हणून घरातल्या सुनेने किंवा लेकीने "हात धरतात" म्हटले तर "एवढ्यात कसला वात?" म्हणून उडवून लावू नये. आमच्या पाहण्यात असे उडवून लावणे फार आहे, आणि त्याची किंमत ती मुलगी पुढे तीस-चाळीस वर्षे भरते.

ओळख झिजेच्या नेमकी उलट. सकाळी सांधे धरतात ते तासभर किंवा त्याहून अधिक सुटत नाहीत. कणीक मळता येत नाही, बादलीची कडी धरवत नाही. हालचालीने बरे वाटते, विसाव्याने आखडते. मनगटे आणि बोटांच्या मुळाशी असलेले सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजतात, हाताला मऊ आणि ऊन लागतात. कोणी हात हातात घेऊन दाबला की कळ येते. सोबत थकवा, बारीक ताप, भूक मंदावणे. हे सहा आठवड्यांहून जास्त टिकले तर आणखी वाट पाहू नये.

रक्ताच्या तपासणीबद्दल दोन शब्द. आरए फॅक्टर नावाची तपासणी सगळ्यांना माहीत झाली आहे. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आमवात आहेच असे नाही. काही निरोगी माणसांतही ती येते. निगेटिव्ह आली म्हणजे आमवात नाहीच असेही नाही. आमवाताच्या शंभरांतील वीस-तीस रुग्णांत ती निगेटिव्हच असते. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या तपासण्या आणि डॉक्टरांचे बोट सांध्यावर, असे मिळून निदान होते. यासाठी हाडांच्या डॉक्टरांपेक्षा संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, गाठावा. महामार्गावर असल्याने आपल्याला कोल्हापूर तासाभराच्या आत आहे आणि बेळगाव त्याहून लांब असले तरी एका दिवसात जाऊन येण्यासारखे. आपल्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जावे.

उपचाराचा मुख्य आधार मेथोट्रेक्सेट ही गोळी आहे. हे नाव कॅन्सरच्या औषधांतही येते म्हणून लोक घाबरतात. आमवातातील मात्रा फार कमी असते. ही गोळी सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. हे वाक्य आम्ही पुन्हा लिहितो : आठवड्यातून एकदाच. घरच्यांनी चुकून रोज दिल्याने रक्तपेशी घसरून जीव गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. वार ठरवावा, कॅलेंडरवर खूण करावी, आणि आजी-आजोबांच्या औषधाच्या डब्यात ती रोजच्या गोळ्यांत मिसळू देऊ नये. सोबत फॉलिक ॲसिड देतात, ठरावीक काळाने रक्त आणि यकृत तपासतात. दारू वर्ज्य. मूल हवे असलेल्या जोडप्याने ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगितली पाहिजे, कारण गर्भाला ती घातक आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलझिन ही सोबतची औषधे. पहिल्यासाठी डोळे तपासत राहावे लागते. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात "काही उपयोग नाही" म्हणून लोक औषध सोडतात आणि पुडीकडे वळतात.

तर ती पुडी. काही ठिकाणी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत आणि काळ्या गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, हे देशात वेळोवेळी तपासण्यांत उघड झाले आहे. दोन दिवसांत माणूस धावू लागतो, म्हणून कीर्तीही लगेच पसरते. स्टिरॉइड हे मुळात वाईट औषध नव्हे. अमेरिकेत फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये आमवाताच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक त्या कामाला मिळाले. पण पुढच्या थोड्याच वर्षांत त्याचे दुसरे रूपही दिसले. चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. आज डॉक्टर ते थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी, मोजून देतात. पुडीत मोजमाप नसते. ज्यांनी अशी पुडी महिनोन्महिने घेतली आहे त्यांनी ती एकदम बंदही करू नये, कारण शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर झोपलेली असते आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि न लाजता दाखवावी.

या गोळ्यांनी भागले नाही तर टोफासिटिनिबसारखी नवी औषधे आहेत; ती आता भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळे पूर्वीइतकी आवाक्याबाहेर राहिलेली नाहीत. बायोलॉजिक इंजेक्शने आहेत, ती महाग. दोन्हींआधी क्षयरोगाची तपासणी करतात, कारण दबून राहिलेला क्षय डोके वर काढू शकतो.

आपल्या भागासाठी आणखी एक कडू गोष्ट. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आमवाताचा धोका जास्त असतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. तंबाखूने ज्या मुलखाचा संसार चालवला तेथे हे लिहिणे सोपे नाही, पण आमवात निघाल्यावर तरी ओढणे सोडावे.

चिकुनगुनिया आणि गाऊट

चिकुनगुनियाची आठवण आपल्याकडे अजून ताजी आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली होती. नंतर तीन दशके तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये कर्नाटक, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत परतला. हे नाव पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतले असून त्याचा अर्थ वाकवून टाकणारा असा आहे. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काहींना महिने, थोड्यांना वर्षे छळतात. बहुतेकांचे हळूहळू थांबते. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. कधी त्याचे रूप आमवातासारखेच असते.

गाऊटचा हल्ला बहुधा रात्री, पायाच्या अंगठ्यावर, पांघरुणाचा स्पर्श सहन होणार नाही असा. पुरुषांत जास्त. मद्य, लाल मांस आणि काही जलाबाच्या नव्हे तर लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या यांचा संबंध असतो. औषधे स्वस्त आणि गुणकारी आहेत. मात्र नुसते युरिक ॲसिड जरा वाढलेले दिसले, दुखणे काहीच नाही, तर बहुधा गोळीची गरज नसते.

वाट्या बदलणे

अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली. प्रत्यक्षात पूर्ण गुडघा काढत नाहीत. हाडांची झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची गादी ठेवतात.

कधी करावी? रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालवत नाही, व्यायाम, वजन आणि औषधे सहा महिने मनापासून करूनही फरक नाही, तेव्हा. हा निर्णय दुखणाऱ्याने घ्यायचा असतो, अमेरिकेहून चार आठवड्यांच्या रजेवर आलेल्या मुलाच्या तारखांवरून नव्हे. मोठ्या नोंदवह्यांच्या अभ्यासानुसार शंभरांतील सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. पण पाचांतील एक जण निकालावर पूर्ण समाधानी नसतो, शंभरांत एक-दोघांना जंतुसंसर्ग होतो, आणि खाली मांडी घालून बसणे बहुतेकांना सोडावे लागते. दोन्ही गुडघे एकाच दिवशी करण्यात खर्च आणि रजा वाचते. हृदयविकार असणाऱ्यांनी त्या मोहात पडू नये. रोबोट वापरला तरी शस्त्रक्रिया डॉक्टरच करतात, आणि जास्तीच्या पैशांत गुडघा जास्त वर्षे टिकतो असे अजून सिद्ध झालेले नाही.

आता आमच्या आवडीचा विषय, बिल. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा ७६,६०० रुपये, वर जीएसटी. त्याआधी साध्या सांध्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाच्या पुढे होती. या मर्यादेला पुढे मुदतवाढ मिळत गेली. चालू आकडा शस्त्रक्रियेपूर्वी पाहून घ्यावा. मर्यादा फक्त सांध्याला आहे, खोली, भूल, शस्त्रक्रिया यांना नाही. म्हणून अंदाजपत्रक लेखी मागावे, सांध्याची किंमत, कंपनी आणि मॉडेल वेगळे लिहून घ्यावे, आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले आहे ना ते पाहावे. वीस वर्षांनी त्या स्टिकरची गरज पडू शकते.

विमा असेल तर बहुतेक पॉलिसींत गुडघेरोपणाला दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. दुखू लागल्यावर पॉलिसी काढून उपयोग नाही. सरकारी योजनांत आपण सीमेवरचे लोक दोन दारांसमोर उभे असतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यावरून दोन राज्यांत वादही झाला. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी पूर्ण केलेल्यांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आणले. पण कोणते कार्ड टोलनाक्याच्या पलीकडच्या कोणत्या रुग्णालयात चालेल, आणि त्यात गुडघेरोपण बसते का, हे भरती होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे. तोंडी "चालते हो" वर कोल्हापूर किंवा बेळगाव गाठू नये.

शस्त्रक्रियेला जाताना जुन्या फिल्म, चालू औषधांची यादी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्यांचा स्पष्ट उल्लेख, आणि दातांचे किंवा लघवीचे काही इन्फेक्शन असेल तर ते आधी बरे करून घेणे, एवढी तयारी हवी. घरी परतल्यावर पहिले सहा आठवडे व्यायामाचे. ते दुखतात, पण त्या दिवसांत गुडघा वाकला नाही तर पुढे वाकत नाही. वॉकर, कमोडची खुर्ची, उंच खाट महिना-दोन महिन्यांपुरतीच लागते. ज्यांच्या माळ्यावर अशा वस्तू धूळ खात पडल्या असतील त्यांनी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना कळवावे, म्हणजे ज्यांना लागतील त्यांच्यापर्यंत त्या पोहोचवता येतील.